आमची वाटचाल: मालवणच्या कोमट पाण्यातून सीलच्या थंड पाण्यात

आमच्या स्कूबा डायव्हिंगच्या धंद्यात वर्षाचे तीन-चार महिने शटर डाऊन. मे संपत आला की मालवणला बोटी वर ओढतात त्या पार ऑगस्ट संपेपर्यंत, पुढे सप्टेंबरमध्येही पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. पण गाळ्याचं भाडं चालू, कंप्रेसरचा हप्ता चालू, पोरांचे पगार चालू. तुम्ही मुंबईवाले इंग्लंडला सील ह्या समुद्री प्राण्यांबरोबर डायव्हिंग करायला कसे काय पोचलात असं लोक विचारतात तेव्हा त्यांना काहीतरी भारी ऐकायचं असतं, स्वप्न वगैरे. कारण एवढंच की पावसाळ्यात करायचं काय.

सुरुवात २०१६ मध्ये मी आणि माझ्या धाकट्या भावाने केली. मी लोअर परळला नोकरीत होते, तो तारकर्लीला कोर्स करून डाईव्हमास्टर, म्हणजे डायव्हरना पाण्याखाली नेणारा गाइड, झालेला आणि घरी आईला वाटायचं की हा समुद्रावर नुसता हिंडतो. शुक्रवारी रात्री बाराची दादरहून राज्यराणी (आताची तुतारी एक्सप्रेस), सकाळी कुडाळ, तिथून गाडी करून मालवण, दोन दिवस पाण्यात आणि रविवारी रात्री परत, सोमवारी मी केसात मीठ घेऊन ऑफिसला. पहिली दोनेक वर्षं आम्ही फक्त माणसं गोळा करून न्यायचो, सामान सगळं तिथलं भाड्याचं.

तेव्हा (आणि आताही) जास्त चालणारा माल म्हणजे दहा मिनिटांचा डाईव्ह. मागून इन्स्ट्रक्टर टाकी धरून उभा, समोर ब्रेड टाकून जमवलेले मासे, अंगठा वर करून एक व्हिडिओ, झालं. पैसा त्यातच आहे हे मान्य, पण त्यात माणूस पोहायलासुद्धा शिकत नाही आणि परत तर कधीच येत नाही. आम्ही ते बंद केलं आणि नुसते कोर्स ठेवले, म्हणजे आधी दादरला स्विमिंग पूलमध्ये शिकायचं, मग समुद्रात चार डाईव्ह, मग १८ मीटरपर्यंत जायचं सर्टिफिकेट. गिऱ्हाईक एकदम निम्म्यावर आलं. पण जे राहिले ते चिकटून राहिले, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला आले, अंदमानला आले, लग्नं झाली तर नवऱ्यांना आणि बायकांना घेऊन आले. आजही आमचा धंदा त्याच जुन्या लोकांवर चालतो, जाहिरातीवर नाही.

मग कोविड, त्यावर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ. मालवणच्या किनाऱ्याने किती मार खाल्ला ते तिकडच्या लोकांना विचारा. आम्ही ज्यांच्या बोटीवरून जातो त्या तांडेल काकांची एक होडी गेली आणि आमचा ॲडव्हान्स त्यांच्याकडे होता, तो आम्ही मागितला नाही, पुढच्या सीझनला वळता केला. त्या काळात भावाने पूलवर लहान मुलांना पोहणं शिकवलं आणि मी सोडलेल्या नोकरीच्या जागी दुसरी धरली, हे पण वाटचालीतच येतं.

सील आले आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. गिरगावचा मुलगा, नोकरीला न्यूकॅसलला गेला, तिथे डायव्हिंग क्लबात नाव घातलं आणि एक दिवस व्हिडिओ पाठवला: हिरवट पाणी, खाली माणसाच्या उंचीची समुद्री झाडं (केल्प), आणि एक ठिपक्याठिपक्यांची सील मादी मागून येऊन ह्याचा फिन, म्हणजे पायातला पोहायचा पंखा, तोंडात धरून ओढतेय, आणि ह्याला पत्ताच नाही, हा समोर बघतोय! भाऊ तो व्हिडिओ चार वेळा बघून म्हणाला, ताई, तिथला सीझन कधी असतो ते विचार. मी विचारलं. ऑगस्टपासून पुढे, सप्टेंबर एकदम बेस्ट. म्हणजे बरोब्बर आपलं शटर बंद असतं तेव्हा.

जागेचं नाव फार्न आयलंड्स. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याला नॉर्थम्बरलँड म्हणून भाग आहे, तिथे सीहाउसेस नावाचं छोटं बंदर आणि त्याच्यासमोर ही काळ्या खडकांची बेटं, भरतीला त्यातली काही पाण्याखालीच जातात. १९२५ पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था सांभाळते. ग्रे सीलची मोठी वस्ती, वर्षाला दोन हजारांहून जास्त पिल्लं होतात तिथे. पिल्लांचा काळ साधारण ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, पांढरी लोकर अंगावर असलेली ती पिल्लं आईच्या दुधावर अठरा-वीस दिवसांत तिप्पट होतात कारण दुधात निम्म्याहून जास्त चरबीच असते. आम्ही त्या दिवसांत जात नाही. नर तेव्हा भांडणाच्या मूडमध्ये असतात आणि मोठा नर अडीचशे-तीनशे किलोचा असतो, त्याच्या मधे कोण कडमडणार.

आता पाणी. मालवणला २८ डिग्री, तिथे सप्टेंबरमध्ये, म्हणजे वर्षातलं सगळ्यात गरम असतं तेव्हा, १३-१४. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता पंचवीसेक पटीने जलद ओढतं, त्यामुळे आपला तीन मिलिमीटरचा वेटसूट घालून तिथे उतरलात तर सील बघायच्या आधी दात वाजतील. तिथे लागतो ड्रायसूट. वेटसूटमध्ये पाणी आत येतं आणि अंगाने तापतं, ड्रायसूटमध्ये पाणी येतच नाही, आत जाड लोकरी कपडे आणि हवा, आणि खाली जाताना ती हवा दबते म्हणून छातीवरच्या बटणाने टाकीतून अजून हवा आत घ्यायची, वर येताना ती फुगते म्हणून डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची. म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट सांभाळणं होतंच, त्यात आता पूर्ण कपडेच फुगतात. आणि हे सगळं तिथे जाऊन शिकायचं म्हटलं तर आठवड्यातले दोन दिवस त्यातच गेले.

म्हणून आम्ही दोन वापरलेले ड्रायसूट मागवले, एक मोठा एक मध्यम, आणि मुंबईत शिकवायचं ठरवलं. कस्टम्समधून सोडवताना एजंटने मला ‘मॅडम हे नक्की कशाचं काम आहे, केमिकल का’ असं विचारलं आणि जे बिल लावलं त्याचं नावच काढत नाही.

मुंबईत ड्रायसूट शिकवणं म्हणजे काय ते एकदा येऊन बघा. मे महिना, पूलच्या कडेला ३५ डिग्री, आणि एक बँकेतले काका आत थर्मल घालून उभे. आधी मनगटाच्या रबराला आतून टाल्कम पावडर, हात सरळ ठेवून बोटं एकत्र करून सरकवायचा, घड्याळ-अंगठी काढलेली पाहिजे नाहीतर रबर फाटलं. मग मानेची कॉलर. ती इतकी घट्ट असते की डोकं अर्धं आत गेलं की माणूस घाबरतो, अंधार होतो, कान दुमडतात, आणि दोघांनी मिळून कॉलर चारी बाजूंनी ताणून धरायची आणि त्याने गुडघ्यात वाकून एकदम उठायचं. डोकं बाहेर आलं की चेहरा लालबुंद! मग मागची झिप, दोन्ही खांद्यांच्या मधून आडवी, ती दुसऱ्यानेच लावायची आणि शेवटचा अर्धा इंच ओढलाय का ते हाताने बघायचं, कारण तेवढ्या फटीतूनही पाणी आत येतं. हे होईपर्यंत घामाने आतून भिजलेले असतात, बाहेरून कोरडे. पाण्यात टाकलं की जीवात जीव येतो.

पण खरं शिकवायचं असतं ते पाय वर जाणं. डोकं खाली गेलं की सूटमधली हवा पायात जाते, पाय फुग्यासारखे फुगतात आणि माणूस उलटा वर निघतो, व्हॉल्व्ह राहिला खाली, हवा सुटणार कुठून. गुडघे पोटाशी घेऊन गोल फिरायचं आणि सरळ व्हायचं, ते डोळे मिटून जमेपर्यंत करून घेतो. ज्याला पूलमध्ये जमत नाही त्याला आम्ही नेत नाही, पैसे भरले असले तरी परत करतो. ह्यावरून आमच्याशी भांडलेले लोक आहेत. एकांनी सरळ सांगितलं की दुसरा कोणीतरी नेईल. नेईल ना. तुम्ही जा.

तिथे सामानाचंही वेगळं गणित आहे. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या ११ लिटरच्या टाक्या, तिथे स्टीलच्या १२ लिटर, शिवाय ड्रायसूट हलका तरंगतो म्हणून मालवणात चार किलो शिसं लावणाऱ्याला तिथे दहा-बारा लागतं. रेग्युलेटरही (टाकीतली हवा तोंडात देणारा) थंड पाण्याचा वेगळा येतो, १० डिग्रीच्या खालीही चालणारा, साधा असेल तर आतला भाग गोठून हवा भसाभसा सुटायला लागते. सप्टेंबरमध्ये तेवढं थंड नसतं तरी आम्ही तोच घेतो. सगळं तिथेच भाड्याने मिळतं, इथून आपण फक्त मास्क न्यायचा, चेहऱ्याला बसलेला. आणि मिशावाल्यांनो, मिशीतून मास्क गळतो, मालवणात चालून जातं, १३ डिग्रीचं पाणी नाकात गेलं की नाही चालत. आमच्या एका जुन्या मेंबरने चाळीस वर्षांची मिशी उतरवली, घरी आल्यावर नातवाने ओळखलं नाही.

डाईव्हची वेळ तिथे आपण ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. बेटांच्या फटींतून करंट इतका जोरात वाहतो की दोन्हींच्या मधला पाणी थांबायचा वेळ गाठावा लागतो, आणि बोटीचा स्किपर घड्याळ बघून ‘आता’ म्हणाला की उतरायचं, तेव्हा तुमची सेल्फी राहिली तर राहिली. पहिल्या वेळी आम्ही उतरलो तिथे जेमतेम सात मीटर खोली होती. स्किपरने एकच सांगितलं होतं, सीलच्या मागे जाऊ नका, खडकांच्या घळीत जाऊन गप्प पडा. पडलो. पाच मिनिटं काहीच नाही, हिरवं पाणी, हलणारी केल्प, खडकावर पांढऱ्या-केशरी मऊ कोरलचे गुच्छ. मग भावाच्या पायाकडे एक करडी आकृती आली. मोठे काळे डोळे, मिशा पुढे काढलेल्या. त्या मिशा नुसत्या शोभेच्या नसतात, मासा पोहून गेल्यावर पाण्यात जी लहर उरते ती त्यांना कळते. तिने फिनचं टोक आधी मिशांनी चाचपलं, मग पुढच्या दातांनी हलकेच धरलं, ओढलं, भावाने मान वळवली तर गायब. दोन मिनिटांनी माझ्या मागे. हा खेळ वीस मिनिटं चालला आणि दरवेळी ती मागूनच. तरुण माद्या आणि पोरंच असतात अशी, मोठे नर लांब राहतात.

हात लावायचा नाही हा आमचा नियम, तो फक्त कायद्यासाठी नाही. आमच्या बॅचमध्ये एक डॉक्टर मावशी होत्या, त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की सील चावला आणि बोट सुजलं तर पेनिसिलिनने जात नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं, आणि मुंबईतल्या डॉक्टरला सील चावला हे स्वतःहून सांगा कारण तो काही विचारणार नाही. तेव्हापासून हे आमच्या ब्रीफिंगमध्येच आहे.

संध्याकाळी खाण्याचे हाल नाहीत. सीहाउसेसला फिश अँड चिप्स आहेच, शिवाय किपर, म्हणजे धुरावर वाळवलेला हेरिंग, तो नाश्त्याला खातात. आमच्यातल्या वरळी कोळीवाड्याच्या ताईंनी एक घास घेतला, म्हणाल्या सुका बांगडाच हा, फक्त कोकम विसरले. शाकाहारी लोकांनी मात्र मुंबईहून थेपले आणावेत, खरंच.

धंद्याचं म्हणाल तर सहा जणांच्या वर बॅच करत नाही, आणि माणशी तीन लाखांच्या आसपास जातात. त्यावर टीसीएस, म्हणजे बुकिंगलाच घेतला जाणारा आयकर, वेगळा, ऑक्टोबर २०२० पासून परदेशी टूर पॅकेजवर तो लागतो, लोकांना वाटतं ते पैसे आम्ही खातो, अहो ते तुमच्याच पॅनवर जमा होतात, रिटर्न भरताना वळते करून घ्या. व्हिसा हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू देत नाही. आणि सील दिसतीलच ही गॅरंटी लिहून देत नाही. वारा ईशान्येचा लागला तर बोट बंदरातून निघतच नाही, दोन दिवस खिडकीतून लाटा बघत बसायचं, ते पण त्याच तीन लाखात. हे सगळं पहिल्याच फोनवर सांगितलं की दहातले सात परत फोन करत नाहीत. उरलेल्या तिघांवर आमचं चाललंय, आणि पावसाळ्यातला पगार आता वेळेवर निघतो.

ही ट्रिप ठरली तेव्हा तांडेल काका म्हणाले होते, “थंड पाण्यात कित्याक मरूक जातंस? हयचा पाणी कमी पडला काय?” परत आल्यावर मी त्यांना ग्रेस डार्लिंगची गोष्ट सांगितली. लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, १८३८ च्या सप्टेंबरमध्ये फोरफारशायर नावाची बोट ह्याच खडकांवर फुटली तेव्हा बापाबरोबर साधी वल्ह्याची होडी घेऊन वादळात गेली आणि माणसं काढून आणली, वय २२. काका गप्प ऐकत होते, मग विचारलं, होडी केवढी होती, वल्ही किती, वारा खयचो? उत्तरं मला नीट देता आली नाहीत, पण त्यानंतर त्यांनीच मुलाला आमच्याकडे पाठवलं.

तो मुलगा आता दादरच्या पूलवर ड्रायसूट शिकवतो, कॉलर ताणून धरायला त्याच्यासारखे हात कोणाचे नाहीत. पुढच्या बॅचला त्याला स्टाफ म्हणून न्यायचंय. पासपोर्ट आलाय, अडलंय ते बँक स्टेटमेंटवर, कारण मालवणात सगळा व्यवहार रोखीत आणि खात्यात काही नाही. सध्या त्याचा पगार दर महिन्याला चेकने चालू केलाय आणि व्हिसाचा फॉर्म मार्चनंतर भरणार आहोत.