चक्कर नव्हे, तोल

मागच्या आषाढात न्हाणीघरात पहिल्यांदा तोल गेला. डोक्यावर तांब्या ओतला, साबण जाऊ नये म्हणून डोळे घट्ट मिटले आणि मागेच कलंडले. नळ हाताला लागला म्हणून वाचले. सुनेला सांगताना तोंडातून निघालं, "अगं, चक्कर आली." त्या एका शब्दाने माझे तीन महिने खाल्ले.

जवळच्या डॉक्टरांनी तोच शब्द कागदावर उतरवला आणि चकरेच्या गोळ्या सुरू झाल्या. वय 71, मधुमेह 14 वर्षांचा; या वयात व्हायचंच, असं सगळेच म्हणाले. गोळ्यांनी दिवसभर पेंग यायची, त्यामुळे आणखीच झोकांड्या जायच्या. संध्याकाळी दिवे गेले की मी भिंत धरूनच चालायची.

शेवटी लेकीने मेंदू-नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी तरुण होती. म्हणाली, "आजी, चक्कर हा शब्द न वापरता सांगा बरं." 32 वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि इथे अडखळले! मग तिनेच विचारलं. घर गरगर फिरतं का? नाही. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? नाही. मग काय होतं? म्हटलं, "डोळे मिटले किंवा अंधार असला की पाय कुठे पडतोय तेच कळत नाही. कापसाच्या गादीवर चालल्यासारखं वाटतं." गरगरत असेल तर बहुधा कानाकडे बघायचं, अंधारी येत असेल तर रक्तदाबाकडे, आणि हे तुमचं पायांच्या नसांचं दिसतंय, असं ती म्हणाली.

तरी तपासलं सगळंच. झोपवून रक्तदाब घेतला, उभं करून पुन्हा दोनदा घेतला. वरचा आकडा 20 ने खाली आला तर ती गोष्ट वेगळी, माझा 8 ने आला. मग कानाचं काही आहे का ते बघायला मान वळवून झटकन मागे झोपवलं आणि डोळ्यांकडे बघत राहिली. त्यानंतर चिमट्यासारखा दिसणारा, कंप पावणारा धातूचा काटा पायाच्या अंगठ्यावर टेकवून म्हणाली, "कंप थांबला की सांगा." मला तो सुरू झाल्याचंच कळलं नव्हतं. शेवटी पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. ही रोम्बर्ग चाचणी. मी न्हाणीघरातल्यासारखीच कलंडले, फक्त या वेळी धरायला ती होती.

तोल तिघांवर चालतो: डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय. माझे तळपाय निरोप पाठवेनासे झाले होते, डोळे त्यांचं काम सांभाळून घेत होते, आणि मी आंघोळीला नेमके तेच मिटत होते. रक्तात बी-12 फार कमी निघालं. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन इतकी वर्षं. दोन्हींमुळे ते घटतं. इंजेक्शनं सुरू झाली, चकरेच्या गोळ्या बंद.

फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत बसायला लावलं. 17 सेकंद लागले. 12 किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. व्यायाम साधे, पण कंटाळवाणे. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, ओट्याला बोट लावून एका पायासमोर दुसरा पाय ठेवत चालायचं, दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहायचं. दूध दोनदा उतू गेलं. आंघोळ आता स्टुलावर बसून, भिंतीला दांडी बसवलीय, रात्री संडासाकडे दिवा चालू असतो. जिना उतरताना दुहेरी भिंगांचा चष्मा काढून लांबचा लावते, कारण खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते.

चार महिन्यांनी 13 सेकंद आले. घोट्यावर कंप कळतो, अंगठा अजून मुकाच आहे.

काठीला मी बरेच दिवस नाही म्हणत होते. मग ह्यांची कपाटामागची काठी काढली, तर ती मला उंच. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. सुताराकडून चार बोटं कापून घेतली आणि खालचं रबरी बूच नवं बसवलं, जुनं झिजून गुळगुळीत झालं होतं.