चतुर्थीला निघायचं: अलिबाग ते श्रीवर्धन, ओहोटी बघून आखलेली ट्रिप

यावेळी हॉटेल बुक करायच्या आधी मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिथ्या बघितल्या. नवरा म्हणाला मुहूर्त बघतेस का, म्हटलं नाही रे, समुद्र बघतेय.

त्याचं कारण असं की चार वर्षांपूर्वी आम्ही सगळे असेच अलिबागला गेलो होतो, मॅपवर अंतर बघून, ट्रॅफिक बघून, सगळं मिनिटामिनिटाला लावून, आणि बरोबर भर भरतीला दुपारी तीनला कुलाबा किल्ल्यासमोर किनाऱ्यावर उभे राहिलो. किल्ला समोर दिसतोय आणि मधे पाणी. होडी होती, पण लाटांत हलणाऱ्या होडीत चढणं आईच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं, तिला एकटीला सोडून जायचं कुणाच्याच मनात नव्हतं, मग शहाळं पिऊन परत. लेक तेव्हा सहा वर्षांची, ती गाडीत बसेपर्यंत मागे वळून किल्ल्याकडे बघत होती. मला ते फार लागलं, कारण माझे आजोबा श्रीवर्धनचे, आणि तिथी सांगितली की भरती कधी ते बसल्या जागी सांगायचे. आमच्याच घरातलं शहाणपण आम्ही वापरलं नाही.

हिशोब एकदम सोपा आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. दुसऱ्या दिवशी पंचमी, पावणेचारला भरती, पावणेदहाला ओहोटी. षष्ठीला साडेचार आणि साडेदहा. पंधरा तिथ्यांमधे भरतीची वेळ पूर्ण बारा तास पुढे सरकते म्हणून रोज पाऊण तास, इतकंच गणित आहे त्याच्यात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघायच्या आधी मुंबई बंदराचं भरतीचं टेबल ऑनलाइन बघून पक्कं करायचं, पण ट्रिप आखायला ही पाऊणपट पुरते. अजून एक, पुनव-अवसेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र फार मागे जातच नाही. म्हणून आम्हाला असा शुक्रवार हवा होता की चतुर्थी असेल, म्हणजे तीनही दिवस ओहोटी सकाळच्या बघायच्या वेळात येते आणि पाणीही बऱ्यापैकी उतरतं. पौषात तसा मिळाला. लगेच सगळ्यांच्या रजा टाकल्या.

माणसं पाच. मी, नवरा, लेक, आई आणि मावशी. गाडी आमचीच.

गुरुवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, गाडीसकट. ठाण्याहून पेण-वडखळमार्गेही जाता येतं पण ऑफिस करून परत तो रस्ता नको, आणि बोटीच्या पोटात आपली गाडी जाते हे लेकीला बघायचंय. बोटीला साधारण एक तास लागतो. गाडीचं बुकिंग मात्र आधी करून ठेवा, शनिवार-रविवार जोडून असेल तर जागा भराभर संपतात. रात्री मुक्काम नागावला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला अलिबागच्या किनाऱ्यावर. ओहोटीच्या तास-दीड तास आधी चालायला सुरुवात करायची आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं, आत कितीही छान वाटत असलं तरी, हे मी सगळ्यांना दोनदा सांगून ठेवलंय. आईसाठी घोडागाडी, ती ओहोटीला थेट किल्ल्यापर्यंत जाते. हा किल्ला १६८० मधे शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांमुळे त्याचा दरारा झाला. मला त्यात सगळ्यात जास्त काय दाखवायचंय तर तटाचे दगड. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही, लाट आली की पाणी फटींमधून आत शिरतं, तिथेच जोर संपतो आणि परत बाहेर येतं. समुद्राशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचा तलाव आहे, चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं, लेकीला हे खरंच वाटत नाहीये अजून. चतुर्थी असल्यामुळे आईचा उपास, तिला देऊळ मिळालं की ती खूष.

परत येताना गावात कान्होजींची समाधी, आणि मग आक्षी. आक्षीला बहुतेक लोक बीचसाठी जातात पण तिथे एक शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. शिलाहार राजा केसीदेवाचा आहे आणि त्यात राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलंय. पाच मिनिटं लागतात बघायला. समुद्राचा वारा लागतोय अशा ठिकाणी उभं राहून आपल्या भाषेतली हजार वर्षांपूर्वीची ओळ बघायची, मला तर अंगावर काटा येतो. आणि गंमत म्हणजे याच रस्त्यावर पुढे दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा मराठी ताम्रपट सापडलेला. म्हणजे दोन दिवसांच्या गाडीच्या रस्त्यात मराठीची दोन इतकी जुनी लिखाणं. शाळांच्या सहली इकडून का जात नाहीत मला कळत नाही, पोरं जातात वॉटरपार्कला.

दुपारी चौल, रेवदंडा, कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लई. कोर्लईचा किल्ला खाडी आणि समुद्राच्या मधे घुसलेल्या चिंचोळ्या डोंगरावर आहे, पोर्तुगीजांचा, १७४० ला हा सगळा भाग मराठ्यांकडे आला. पण पोर्तुगीज गेले तरी भाषा राहिली, इथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमधून आलेली आणि मराठी मिसळलेली बोली बोलतात आणि तिला नुसतं 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. हजारापेक्षाही कमी लोक बोलणारे. किल्ल्यावर आम्ही तिघं जाऊ, आई-मावशी खाली दीपगृहापाशी बसतील.

काशीदला फक्त थांबा. वाळू पांढरी, सुरूची झाडं, फोटो मस्त येतात, पण तिथे पाण्यात उतरायचं नाही, ओढ वाईट आहे आणि दरवर्षी कुणी ना कुणी बुडाल्याचं आपण वाचतोच. पोहायचं तर दिवेआगरला, तेही कमरेपर्यंतच. शुक्रवारी रात्री मुरुड. पोपटीचे दिवस आहेत, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन सगळं मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून जाळावर, ते मुक्कामाच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवलंय. आईसाठी वेगळं छोटं मडकं, नुसत्या शेंगा-बटाट्याचं, उपास सोडायला.

शनिवारी जंजिरा. इथे तिथीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं, राजपुरीला जितकं सकाळी जाल तितकं बरं, दहानंतर रांग लागते आणि आतमधे ऊन डोक्यावर येतं. शिडाच्या होड्या आहेत, वारा असेल तर इंजिनाचा आवाज नाही काही नाही, नुसतं शीड आणि पाणी. अडचण एकच, होडीतून दरवाजाच्या पायरीवर पाय टाकताना होडी खालीवर होते, तिथे दोन माणसं हात देतात पण आईला ते जमणार नाही. यावेळी मात्र आईनेच आधी सांगितलं, मी नाही येत होडीत, मला वरच्या रस्त्यावर सावलीत बसवा. राजपुरीच्या वरच्या रस्त्यावरून पूर्ण किल्ला पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो, आणि मावशी तिच्याबरोबर थांबणार होती पण आता म्हणतेय की ती येणारच, मग नवरा थांबेल. त्याचं लहानपणी बघून झालंय.

लेकीला मी लाय पाटलांची गोष्ट सांगून ठेवलीय. पद्मदुर्ग किल्ल्यावरचे कोळी, रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून बसले, मागून येणारं सैन्य वेळेत पोचलं नाही म्हणून पहाटे परत फिरावं लागलं. महाराजांनी पालखीचा मान दिला, तर हे म्हणाले आम्ही दर्यातली माणसं, पालखी घेऊन काय करू, मग महाराजांनी गलबत दिलं आणि त्याचं नाव ठेवलं पालखी, असं सांगतात. पद्मदुर्ग मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसतो, तो दाखवूनच ही गोष्ट सांगायची. पुढे १६८२ ला संभाजी महाराजांनी खाडी भरून सेतू बांधायला घेतला होता, तेही राहिलं. जंजिरा शेवटपर्यंत सिद्दींकडेच, थेट १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत. आणि श्रीवर्धन त्याच संस्थानात, म्हणजे माझे आजोबा नबाबाच्या राज्यात जन्मले. ते बोलताना सहज म्हणायचे, नबाबाच्या वेळी असं होतं, आणि आम्हा मुलांना वाटायचं गोष्टीतला नबाब.

तिथून आगरदांडा आणि जंगल जेटीने दिघी. गाडी फेरीबोटीत चढवायची, थोड्याच वेळात पलीकडे, नाहीतर रोहा, तळा, म्हसळा असा मोठा वळसा पडतो. सागरी महामार्गावर खाड्यांवर पूल होतायत, ते झाले की लोक भुर्रकन जातील, चांगलंच आहे गावांसाठी, पण लेकीने फेरीबोट बघावी असं मला फार वाटतं. सुट्ट्या पैशांचं पाकीट वेगळं ठेवलंय, इथे नेट कधी असतं कधी नसतं.

दिवेआगरला सुवर्णगणेश. १९९७ ला वाडीत खोदताना पेटीत सापडलेला सोन्याचा मुखवटा, २०१२ ला चोरीला गेला, आणि २०२१ ला परत बसवला. चोरी झाली तेव्हा आई दोन दिवस नीट जेवली नव्हती. संध्याकाळी बीचवर नुसतं चालायचं, भरती पावणेचारची, म्हणजे पाचनंतर ओली कडक वाळू मिळते, चालायला एकदम बेस्ट. मोदक सकाळीच सांगायचे, ऐनवेळी मिळत नाहीत.

रविवारी आठच्या आत निघायचं कारण हरिहरेश्वरची ओहोटी साडेदहाची. रस्ता भरडखोल, शेखाडी, आरावी असा समुद्राला चिकटून जातो आणि माझ्या मते सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर भाग हाच. थांबावंसं वाटेल, पण थांबायचं नाही. हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव अशी पद्धत आहे. प्रदक्षिणेची वाट देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने जाते आणि ती फक्त ओहोटीलाच करायची. त्यात षष्ठी म्हणजे भांग जवळ आलेला, पाणी पूर्ण मागे जाणार नाही, म्हणून देवळात विचारायचं आणि ते नाही म्हणाले तर नाही. तिथे लाटेने माणसं ओढून नेलीत, फोटोसाठी कडेला उभी राहिलेली. दगडांवर लाटांनी जाळी कोरल्यासारखी नक्षी केलीय, ती आतल्या बाजूने चालतानाही नीट दिसते.

बाकी जे राहिलं ते राहिलं. थळहून खांदेरी, पलीकडे बाणकोट, कासवांचं वेळास, सगळं पुढच्या वेळी. चार दिवसांत पंधरा ठिकाणं कोंबली की गाडीतच बसून राहतो आपण.

आणि मग दुपारी श्रीवर्धन. पर्यटकांसाठी तिथे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव, लक्ष्मीनारायणाचं देऊळ, लांबलचक किनारा वगैरे आहे, पण आम्ही जातोय वाडीसाठी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने हा किनारा झोडपला. तीन दिवस मामाचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा तो आईला एवढंच म्हणाला, ताई, पोफळी सगळ्या झोपल्या. आजोबांनी लावलेल्या, त्यांच्याही वडलांनी लावलेल्या, श्रीवर्धनी रोठा सुपारी, एका दुपारीत आडवी. नारळ काही उरले, पोफळी नाही. आईने त्यानंतर तिकडे जायचं नावच काढलं नाही. आम्ही दरवर्षी विचारायचो आणि ती दरवर्षी गुडघे पुढे करायची.

मामाने त्याच पावसाळ्यात रोपं लावली होती. पोफळीला धरायला पाच ते आठ वर्षं लागतात. गेल्या महिन्यात त्याने फोटो पाठवला, एका झाडाला घोस लागलाय, छोटासा. आईने तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना म्हणाली, तुमची ती ट्रिप कधी आहे.

आधीच्या प्लॅनमधे श्रीवर्धनला पोचायला सात वाजत होते, शेखाडीला सूर्यास्त बघून. तिने एकच गोष्ट मागितली, उजेडात पोचवा, अंधारात वाडी दिसत नाही. म्हणून सूर्यास्त काढला, सगळं दोन तास लवकर घेतलं, सोमवारी पहाटे म्हसळा-माणगावमार्गे परत, रविवारी संध्याकाळचा माणगावचा ट्रॅफिकही त्यामुळे टळतो. मामाला कळवलंय, चारपर्यंत येतो, चहा ठेव, आणि त्या झाडाखाली एक खुर्ची.