वाईचा मेळावा, ट्रंकेतला रुमाल आणि मेणवली

आमच्या इतिहासप्रेमी मंडळाचा वार्षिक मेळावा यंदा वाईला होता. पुण्याहून एसटी पकडली, खंबाटकी ओलांडला, सुरूरला हायवे सोडला आणि भाषणं सुरू व्हायच्या आत पोहोचलो. अर्थात उशीर झाला असता तरी फारसं बिघडलं नसतं. अध्यक्षांचं भाषण दरवर्षीचंच असतं.

गाव मात्र अचूक निवडलं होतं. पानिपतच्या काळातली पत्रं इतिहासकार वि. का. राजवाडे यांना इथेच हाती लागली आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. ज्या घरांनी तोवर ते कागद बंबात घातले नाहीत, त्यांची नावं कुणाच्या तोंडी नसतात. आमच्या मंडळाचे जतन पुरस्कार अशाच घरांसाठी आहेत, म्हणून मी इतक्या लांब येतो. पुस्तकं लिहिणाऱ्यांना पुरस्कार देणारे पुष्कळ आहेत. मंदिरांचे अर्ज येतात, पण काळ्या पाषाणाला ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणणाऱ्यांना निवड समिती दारातूनच परत पाठवते. बरं करते.

यंदाच्या मानकरी एक आजी. त्यांना मोडीचं अक्षर वाचता येत नाही. सासऱ्यांनी "हे टाकू नका" एवढंच सांगितलेलं, म्हणून त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत वेखंडाची कांडं घालून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, जपून ठेवला. पुतण्याने दोनदा रद्दीवाला दारात आणला होता, हे त्यांनी माइकवरच सांगितलं. पुतण्या पहिल्याच रांगेत बसला होता.

रुमाल टेबलावर सोडला तेव्हा मी जवळच होतो. हातकागद कडांना कसरीने खाल्लेला, पण शाई अजून काळीभोर. आधी आडवी रेघ ओढून तिला लटकवलेली मोडी अक्षरं. एका कागदावर कुणीतरी सेलोटेप चिकटवलेली, तेवढाच पट्टा पिवळाजर्द होऊन तुटायला आलेला. शेवटी 'मोर्तब सुद', म्हणजे पत्र संपल्याची शिक्क्याची खूण. मोडी जाणणाऱ्या सरांनी अडखळत वाचलं: मळ्यातल्या आंब्यावरून भाऊबंदांचं भांडण आणि त्याचा निवाडा. सभागृहात हशा पिकला. भाऊबंदकी सगळ्यांनाच कळते.

जेवणाच्या पंगतीत वाद रंगला, कागद घरी ठेवावेत की संस्थेला द्यावेत? दुपारी मेणवलीला गेल्यावर तो आणखी पेटला. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट थाटात उभे आहेत. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर इकडे आलेली चर्चची घंटाही तिथेच आहे. तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. नानांच्या दप्तरातले पुष्कळ कागद मात्र इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या संग्रहात गेले, आणि साताऱ्याचा तो संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. वाडा इथे, दप्तर तिथे. काहींना ते खुपतं. मला विचाराल तर कागद तिथे गेले म्हणून वाचले. तरी आजींचा रुमाल कुणी नेऊ नये. घरीच येऊन स्कॅन करावा, आणि लॅमिनेशनचं नाव काढू नये.

परतीच्या गाडीत बसण्याआधी पुतण्याच चिटणीसांना विचारत होता, "स्कॅनरवाले रविवारी येतील का? मधल्या दिवशी मला सुट्टी नसते."