तुम्ही विचारलंत म्हणून: ‘याचा ळ कधी येणार?’

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर पिशवी टेकवली की हा प्रश्न ठरलेला. गुरुजी विचारतात, केंद्रप्रमुख विचारतात, पालक फाटकातच गाठतात. पोरगं ‘फळा’ला ‘फया’ म्हणतं, ‘डोळा’ला ‘डोया’. स्पीच थेरपिस्ट आली आहे तर तिनं ते दुरुस्त करावं.

तो दोष नाही. आई ‘डोया’ म्हणते, आजी ‘डोया’ म्हणते. वऱ्हाडीत ळचा य होतो, तिकडे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत र. पोरानं जे ऐकलं तेच उचललं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, बोली नाही. मी पोराचं बोलणं घरच्यांच्या बोलण्याशी ताडून बघते. ‘डोया’ ठीक, ‘दोया’ आला तर लिहून घेते. पाचवं सरूनही ‘काका’चा ‘ताता’ आणि ‘गाय’ची ‘दाय’ होत असेल, तर ते माझं काम.

आणि ते ‘पुन्हा म्हण, पुन्हा म्हण’नं होत नाही. त म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं, क म्हणताना जिभेची मागची बाजू उचलली जाते. ती मागची जागा पोराला सापडावी म्हणून आधी पाण्याच्या गुळण्या. मग सतरंजीवर उताणं झोपवायचं, जीभ आपसूक मागे पडते. तरी नाहीच आलं, तर चपट्या लाकडी पट्टीनं टोक खाली धरून ‘ता’ म्हणायला लावायचं. टोकाला वर जाता येत नाही, म्हणून ‘का’ निघतो. पट्टी फार आत गेली की उमासा येतो, आणि पुढच्या खेपेला पोरगं तोंडच उघडत नाही. 20 पैकी 16 वेळा ‘का’ जमला की ‘नाक’, ‘एक’, मग ‘कार’ आणि ‘तार’ची चित्रं समोरासमोर. सुटा क आला की गुरुजी लगेच धडा वाचायला उभं करतात, आणि गाडी परत ‘त’वर.

पण याच ळनं मला एकदा चुकवलं. दुसरीतल्या मुलाच्या कागदावर लिहिलं होतं: ‘बोबडा, ळ येत नाही.’ मी बोलीचं सगळं समजावलं, नावापुढे ‘दोष नाही’ लिहिलं आणि पुढच्या शाळेत गेले. पुढच्या फेरीतही तेच. तिसऱ्यांदा तो पाठमोरा असताना हाक मारली, तो वळला नाही. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: तोंडापुढे कागद धरला आणि हातभर अंतरावरून साध्या आवाजात एकेक ध्वनी म्हटला. म, ऊ, आ, ई, श, स. आ, ऊ, ई त्यानं परत म्हटले. श आणि सला नुसता थांबून राहिला. कागद खाली घेतला तर सगळे बरोबर. दोन फेऱ्या तो माझे ओठ वाचत होता. उजव्या कानाला वास येत होता. आई म्हणाली, ‘दिवाईपासून वाह्यते. तेल सोडतो न आम्ही.’

वाहत्या कानात तेल नको, लसणाचा रस नको, अंघोळीचं पाणीही नको. आधी कानाचे डॉक्टर. त्याच्या पडद्याला छिद्र निघालं. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. कान वाहतो आणि सुकतो, नेमका त्या दिवशी कोरडा असला की कागद कोराच राहतो. आता कुठल्याही पोराचा उच्चार ऐकण्याआधी मी ते सहा ध्वनी घेते. वर्गात त्याला पहिल्या ओळीत, त्यातल्या त्यात बरा कान गुरुजींकडे करून बसवलं.

कान सुकल्यावर त्याची आई म्हणाली, ‘आता याले पुस्तकातलं बोलनं शिकवा.’ बोलीला हात लावायचा नाही, हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले होते, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमाले कोनी हासत नाही, मॅडम. याले हासतीन.’

शिकवला ळ. लांब ल धरायचा आणि तो चालू असतानाच जिभेचं टोक मागे सरकवत टच्या जागेवर न्यायचं. घरचा ‘डोया’ बरोबरच आहे, हे दुसरं, असंही प्रत्येक वेळी सांगितलं. महिन्यानं घरी गेले तेव्हा तो आजीला म्हणत होता, ‘आजी, डोया नाही, डोळा म्हन.’ आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.