कटाडिनची वाट पार्किंगपासून ठरवा

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बॅक्स्टर स्टेट पार्कला येणारे बहुतेक जण आधी शिखर ठरवतात, मग वाट, आणि पार्किंगचं शेवटी बघतात. इथे हा क्रम उलटा लावावा लागतो. ५,२६७ फुटांच्या कटाडिन डोंगरावर जाणाऱ्या वाटा तीन तळांवरून निघतात: पूर्वेला रोअरिंग ब्रुक, दक्षिणेच्या अंगाला अ‍ॅबल आणि कटाडिन स्ट्रीम. मोसमात एका दिवसासाठी येणाऱ्याला यांपैकी एका तळाचं पार्किंग आगाऊ राखून ठेवलं तरच जागेची खात्री असते. सकाळी सातच्या सुमारास टोग पाँड गेटवर (पार्कच्या दक्षिण प्रवेशद्वारावर) पोचला नाहीत, तर ती जागा हातची जाते. गेटपासून पुढे कच्चा रस्ता आणि ताशी २० मैलांची मर्यादा. एका तळावरून चढून दुसरीकडे उतरलात, तर गाडी डोंगरापलीकडे राहते. थोडक्यात, तळ ठरला की वाट जवळपास ठरलीच.

म्हणून आरक्षणाच्या आधीच दोन प्रश्न सोडवा: उतरायचं कुठून, आणि हवा बिघडली तर त्याच तळावरून दुसरं काय करता येईल?

रोअरिंग ब्रुकला पर्याय सगळ्यात जास्त, आणि फसायला जागाही तिथेच जास्त. तिथून चिमनी पाँड या तळ्यापर्यंत ३.३ मैलांची दगडाधोंड्यांची पण सोपी वाट आहे. तळ्यापासून सॅडल ट्रेल २.२ मैलांत माथ्यावर नेते. वरच्या टप्प्यात सुट्या दगडांचा घसारा आहे. तिथे पुढच्या माणसाच्या थेट खाली उभं राहू नका, दगड सुटतात. कॅथीड्रल ट्रेल अंतराने कमी, पण तीन मोठ्या कातळटप्प्यांवरून जवळजवळ सरळ वर जाते. चढायला उत्तम, उतरायला वाईट. उतरताना पाय कुठे टेकवायचा ते दिसत नाही, आणि दमलेल्या गुडघ्यांना दर वेळी उंच पायरी उतरावी लागते.

सगळ्यांच्या डोक्यात असते ती नाईफ एज. पामोला शिखर आणि माथा यांच्यामधली ही १.१ मैलांची धार काही जागी जेमतेम तीन फूट रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना दरी. उंचीची भीती वाटणाऱ्याने इथे येऊन स्वतःची परीक्षा घेऊ नये, कारण मधून खाली उतरायला एकही वाट नाही. पुढे जा किंवा आलात तसे परत फिरा. खरी अवघड जागा धारेच्या मध्यावर नाहीच. पामोलावरून निघाल्या निघाल्या चिमनी नावाची खाच लागते: हातांचा आधार घेत एका बाजूने उतरायचं आणि लगेच समोरच्या कातळावर चढायचं. तीन आधार पक्के, चौथा हलवा. ट्रेकिंगच्या काठ्या त्याआधीच सॅकला बांधा. हातात राहिल्या की हमखास अडकतात.

हेलन टेलर ट्रेलने पामोला (३.२ मैल), मग धार, आणि सॅडलवरून चिमनी पाँडमार्गे परत, अशी फेरी साधारण ९.८ मैलांची होते. ही दिशा धरण्याचं कारण सरळ आहे. चिमनी पाय ताजे असताना पार होते आणि उतार सगळ्यात सौम्य वाटेने मिळतो. एकच खोट: हेलन टेलर लवकरच झाडीच्या वर निघते, त्यामुळे वारा असेल तर तासन् तास झोडपतो. पामोलावर उभं राहताना तोल जात असेल, तर धारेचा विषय तिथेच संपला. कातळ ओला असेल तरी तेच.

कटाडिन स्ट्रीमवरून जाणारी हंट ट्रेल म्हणजे अ‍ॅपलाचियन ट्रेल या अमेरिकेतल्या लांबलचक पायवाटेचा शेवटचा टप्पा. एका बाजूने ५.२ मैल, चढ ४,००० फुटांहून जास्त. झाडी संपल्यावर मोठमोठ्या धोंड्यांची सोंड लागते. मोक्याच्या जागी लोखंडी गज ठोकलेले आहेत. त्यापुढचं पठार सपाट असलं तरी दगडांवरूनच चाला, कारण तिथली नाजूक वनस्पती एकदा तुडवली की सावरायला वर्षं लागतात. (कटाडिन आर्क्टिक नावाचं फुलपाखरू जगात फक्त याच डोंगरावर सापडतं.) थोरो स्प्रिंगच्या पाण्यावर मात्र भिस्त ठेवू नका, उन्हाळ्यात तो झरा आटतो.

अ‍ॅबल ट्रेल अंतराने कमी म्हणून लोक निवडतात. २०१३ मध्ये जुन्या वाटेवरची दरड सरकल्यानंतर ती बंद झाली आणि नव्या मार्गाने पुन्हा उघडली. तरीही चढ तीव्र आहे आणि दुपारचं ऊन थेट अंगावर येतं.

वेळेचा हिशोब मैलांवरून करू नका. झाडीच्या वर ताशी एक मैल धरा. पूर्ण दिवस ८ ते १२ तासांचा होतो. परतण्याची वेळ घरीच ठरवा, दुपारी एक म्हणा, आणि माथा समोर दिसत असला तरी पाळा. माणशी तीन लिटर पाणी, हेडलॅम्प, वाऱ्याचं जॅकेट, आणि जुलैतही एक लोकरी किंवा फ्लीसचा थर. पार्कात मोबाइलवर अवलंबून राहता येत नाही, म्हणून कागदी नकाशा हवाच.

हवा बिघडली तर रोअरिंग ब्रुकहून साउथ टर्नर हा डोंगर करा: सुमारे दोन मैलांची चढण, आणि वरून कटाडिनची अख्खी भिंत समोर. वाटेतल्या सँडी स्ट्रीम पाँडवर मूस (मोठ्या जातीचं हरीण) दिसण्याची शक्यता चांगली. कटाडिन स्ट्रीमहून आऊल हे शिखर आहे, पण त्याचा माथाही उघडा, वीज कडाडत असेल तर धबधब्यापर्यंतच जा. अ‍ॅबलला लिटल अ‍ॅबल फॉल्सपलीकडे फारसं काही नाही. माझ्या मते हा तळ शेवटचा पर्याय ठेवावा.

सहा वर्षांखालच्या मुलांना झाडीच्या वर बंदी आहे आणि कुत्र्यांना संपूर्ण पार्कात. अशा कुटुंबांना मूल असेल तर खालची तळी बरी, कुत्रा असेल तर दुसरा पार्क.

कटाडिनचं आरक्षण मिळालंच नाही, तर उत्तरेच्या मॅटागॅमन गेटने साउथ ब्रँच पाँडला जा. तिथल्या ट्रॅव्हलर डोंगराची फेरी दहा मैलांच्या वर आहे, गर्दी अगदी तुरळक. तळ्याकाठाने दक्षिणेला जाऊन सेंटर रिजने चढा आणि नॉर्थ ट्रॅव्हलरवरून उतरा. रायोलाइटचे सुटे तुकडे चढताना परवडतात, उतरताना पाय घेऊन जातात. धारेवर पाणी मिळेल अशी भिस्त ठेवू नका. जूनमध्ये जात असाल तर काळ्या माश्यांसाठी डोक्यावर जाळी घ्या, आणि वरच्या वाटा उघडल्या आहेत का ते निघण्याआधी पार्ककडे विचारा; बर्फ आणि चिखल ओसरेपर्यंत त्या बंद असतात.