कपाटावरची इमर्जन्सी बॅग आणि बाहेर काढलेली एक रात्र

आमच्या कपाटावर एक बॅग तीन वर्षं पडून होती. पूर, आग, भूकंप, काहीही झालं तरी ही उचलायची आणि निघायचं असं म्हणून मी एका शनिवारी ती दणक्यात भरली, वर टाकली, आणि त्यानंतर तिचा उपयोग एवढाच की येताजाता तिच्याकडे नजर गेली की आपण किती तयारीचे आहोत असं वाटायचं. मग एकदा मेव्हणा आला होता, त्याला कॅम्पिंगचं वेड आहे, तो म्हणाला, "दाजी, काय काय आहे हो यात?" आणि मला टॉर्च, दोरी, बिस्किटं, पाणी यापलीकडे काही आठवेचना. पाणी म्हणे. एक लिटरची एक बाटली.

त्यानेच सुचवलं की हिच्यावर एक रात्र बाहेर काढून बघा, सगळं आपोआप कळेल. मी हो म्हणून बसलो. बायकोने लगेच नियम केले (ती नसती तर मी हळूच अर्धं घर गाडीत भरलं असतं हे तिला माहीत आहे). बॅग एकदा उघडून नीट भरायची मुभा, त्यानंतर जे आत आहे त्यावरच दोन दिवस आणि एक रात्र. तंबू आणि तीन स्लीपिंग बॅगा मेव्हण्याच्या, कारण तशा आपण घ्यायच्या का हे पण ठरवायचं होतं. गाडी जवळच उभी राहील आणि डिकीत एक खोकं, त्यात जास्तीचे कपडे, जेवण, पाणी, आणि खोक्याला चिकटपट्टी मारलेली. अगदीच अडलं तर पट्टी फाडायची, पण काय काढलं ते वहीत लिहायचं. हे खोकं मला फार आवडलं. कारण चाचणी म्हणजे चाचणीच, त्यात लेकीला उपाशी किंवा गारठलेलं ठेवून काही सिद्ध करायचं नव्हतं.

आधी बॅग रिकामी केली. हॉलमध्ये चादर पसरली आणि सगळं ओतलं. टॉर्चमधले सेल फुटून आतून पांढरी पावडर जमलेली, टॉर्च गेला. तापाच्या गोळ्यांची तारीख दीड वर्षापूर्वी संपलेली. लेकीचे कपडे तिच्या सहाव्या वर्षीचे, आता ती नऊची आहे, तिने ती पॅन्ट अंगाला लावून दाखवली आणि गुडघ्याच्या जरा खाली संपली. पॉवर बँक पार डिस्चार्ज. दोरी मात्र तीस मीटर, एकदम मजबूत, कशासाठी घेतली होती देव जाणे. आणि एक छोटी कुऱ्हाड! मी आयुष्यात कुऱ्हाड चालवलेली नाही.

बॅग रिकामी करायच्या आधी मी ती पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो होतो, मग नुसता उभा राहिलो, फरक आला 17 किलो. माझं वजन 68. साधारण वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं पाठीवर निभतं असं म्हणतात, म्हणजे माझ्यासाठी साडेतेराच्या आसपास, आणि ते सुद्धा चालायची सवय असलेल्यांना. मी तर जिना चढताना मोबाईल बघायच्या निमित्ताने थांबणारा माणूस. कुऱ्हाड, अर्धी दोरी, जाडजूड जीन्स आणि एक लोखंडी पातेलं तिथेच बाहेर गेलं.

आता खाणं. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथेच सगळ्यात मोठी चूक सापडली, ती पण घरीच. अशा बॅगेत साधारण तीन दिवस, म्हणजे 72 तास पुरेल असं धरतात. आम्हा दोघांना दिवसाला दोन-दोन हजार कॅलरी आणि लेकीला सोळाशे धरल्या तर तीन दिवसांच्या होतात सोळा हजार आठशे. बॅगेतली सगळी पाकिटं उलटी करून मागचे आकडे कॅल्क्युलेटरवर मारले तर जेमतेम सात हजार. म्हणजे बॅग फुगलेली दिसत होती ती नूडल्सच्या पाकिटांतल्या हवेने.

पण कॅलरीपेक्षा वेगळीच गोष्ट बायकोच्या लक्षात आली. तिने विचारलं, यातलं पाणी न घालता काय खाता येतं? बघितलं तर नूडल्सला पाणी, ओट्सला पाणी, सुपाच्या पावडरीला पाणी, दूध पावडरीला पाणी. नुसतं खाता येईल असं म्हणजे बिस्किटं आणि खारवलेले शेंगदाणे, जे खाल्ले की आणखी तहान. म्हणजे ज्या दिवशी प्यायलाच पाणी कमी असेल त्या दिवशी आमचं जेवण पण बंद. खाणं आणि पाणी मी दोन वेगळ्या कप्प्यांत भरलं होतं आणि डोक्यात पण वेगवेगळंच ठेवलं होतं.

मग पाण्याचा हिशोब. माणशी रोज साधारण चार लिटर धरतात, त्यातलं निम्मं पिण्याचं आणि बाकीचं स्वयंपाक-स्वच्छतेचं. तिघांचं तीन दिवसांचं होतं 36 लिटर, म्हणजे 36 किलो, ते उचलून कुठे जाणार! घरी साठवायला हा आकडा ठीक आहे, पाठीवर शक्य नाही. म्हणून बॅगेत भरलेलं सहा लिटर, तीन बाटल्यांत वाटून, आणि बाकीचं वाटेत मिळेल ते शुद्ध करायचं असं ठरवलं. पोकळ धाग्यांचा एक छोटा फिल्टर घेतला, वजनाला काहीच नाही. त्याने बॅक्टेरिया आणि जंत-बिंत अडतात पण व्हायरस फार बारीक असतात, ते यातून निघून जाऊ शकतात, म्हणून जोडीला क्लोरीनच्या गोळ्या किंवा उकळणं. गोळी टाकली की अर्धा तास थांबायचं, पाणी थंडगार असेल तर आणखी जास्त. उकळायचं तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन.

खाण्याची यादी मग पार बदलली. एक ग्रॅम फॅटमध्ये नऊ कॅलरी आणि एक ग्रॅम पिठूळ-गोड पदार्थात चार, हे शाळेत वाचलेलं पहिल्यांदा कामाला आलं. बिनमिठाचे शेंगदाणे (शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर), पीनट बटरचा प्लास्टिकचा डबा, चॉकलेट, सुका मेवा, आणि पाणी लागणारं फक्त ओट्स आणि नूडल्सची थोडी पाकिटं, कारण गरम काहीतरी पोटात गेलं की माणूस माणसात येतो. प्रत्येक दिवसाचं खाणं वेगळ्या झिपलॉक पिशवीत घालून वर मार्करने दिवस लिहिला. नाहीतर मी पहिल्या संध्याकाळीच सगळं चॉकलेट संपवलं असतं, स्वतःला ओळखतो.

स्टोव्हची गंमत वेगळीच. छोटा स्टोव्ह होता आटे फिरवून बसवायचा आणि मी तीन वर्षांपूर्वी जास्तीचा म्हणून आणलेला गॅसचा डबा होता लांबट, नळीवाला, वेगळ्याच स्टोव्हचा. दोन्ही नवेकोरे, कधी एकमेकांना लावूनच बघितले नव्हते. हे घरी कळलं म्हणून हसलो. आटे फिरवून बसणारा 230 ग्रॅम गॅसचा डबा घेतला आणि किचनच्या काट्यावर ठेवून भरलेल्या डब्याचं वजन वहीत लिहिलं.

भरताना मेव्हण्याने व्हिडिओ कॉलवर शिकवलं की जड वस्तू पाठीला लागून मध्यावर, हलक्या आणि रात्री लागणाऱ्या तळाशी, आणि पाऊस, अंधार, जखम यातलं काही आलं तर जे लागेल ते वरच्या खणात. सगळ्याच्या आतून एक मोठी कचऱ्याची पिशवी, बॅग भिजली तरी आतलं कोरडं. नवीन वजन भरलं 13.1. लेकीने पत्त्यांचा कॅट आणला होता, मी तो नको म्हणून बाजूला ठेवला.

परवानगी असलेली तळ्याकाठची कॅम्पिंगची जागा होती. दुपारी पोचलो, तंबू लावायला चाळीस मिनिटं लागली आणि त्यातली वीस कुठली काठी कुठली यात गेली. तंबू दुसऱ्याचा असला तरी एकदा घरी लावून बघायला हवा होता, पण सगळ्याच चुका घरी करायच्या म्हटलं तर बाहेर जायचं कशाला.

संध्याकाळी वारा सुटला. स्टोव्हची ज्योत आडवी, पाणी काही उकळेना. वाऱ्याला अडोसा म्हणून काही आणलंच नव्हतं, शेवटी दगड रचले आणि मी पाठ करून बसलो. गॅसच्या डब्याला चारही बाजूंनी बंद करायचं नाही, तो तापतो, एवढं माहीत होतं. बायको म्हणाली तंबूत घेऊन पेटवूया, त्याला मी ठाम नाही म्हटलं, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि आगीची भीती वेगळी. जेवायला अर्धा तास उशीर झाला तेवढाच. घरी येऊन डबा तोलला तर 71 ग्रॅम गॅस गेला होता आणि आम्ही उकळलं होतं जेमतेम साडेतीन लिटर. वारा नसता तर माझ्या मते चाळीस-पन्नासात भागलं असतं.

आता जरा अवघड विषय, पण कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. संडासला जायचं तर पाण्यापासून साठ मीटर तरी लांब आणि पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, हे मला पाठ होतं. खड्डा कशाने करायचा हा विचार केलाच नव्हता. बॅगेत तीन चमचे होते. सकाळी ओट्स खायला तिघांत दोन चमचे उरले, यावरून काय ते समजा.

रात्री अकराला पाऊस. तंबू टिकला, पण गारवा वरून येत नव्हता, खालून येत होता. मी चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेटच्या भरवशावर मॅट आणल्या नव्हत्या. ते ब्लँकेट शरीराची बाहेर जाणारी उष्णता परत आत फेकतं हे खरं, पण थंड जमिनीला पाठ टेकली की उष्णता सरळ जमिनीत जाते, तिथे ते कागदाएवढं पातळ ब्लँकेट काय करणार. शिवाय हवा आरपार जात नाही म्हणून आतून ओलं होतं, आणि कूस बदलली की चिप्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज. बाराला मी रेनकोट घालून डिकीपर्यंत गेलो, पट्टी फाडली, जाड मोजे आणि दोन घोंगड्या काढून अंथरल्या. वहीत पहिली नोंद: खाली घालायला काहीतरी. तेव्हा स्वतःचा जरा राग आला, कारण याच मॅट मेव्हणा देत होता आणि मीच म्हटलं होतं की जागा फार खातात.

झोप कोणालाच नव्हती. तेव्हा लेकीने स्लीपिंग बॅगच्या तळातून पत्त्यांचा कॅट काढला. मी काही बोललो नाही. हेडलॅम्प तंबूच्या हुकाला उलटा टांगला आणि दोन वाजेपर्यंत खेळलो, ती जिंकली.

आणि मग पहाटे मी चष्म्यावर झोपलो. काडी बिजागरीतून तुटली. मला चष्म्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडचं नीट दिसत नाही, मोठा नंबर आहे. तीन वर्षं जी बॅग भरतोय, ज्यात कुऱ्हाड होती, तिच्यात जास्तीचा चष्मा नव्हता, खोक्यात पण नव्हता. बायकोने फर्स्ट एडमधली चिकटपट्टी काढून काडी बांधून दिली, तीच पट्टी आदल्या दिवशी लेकीच्या टाचेच्या फोडाला आणि रेनकोटच्या फाटक्या शिवणीला लावून झाली होती. पूर्ण बॅगेत सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू ती.

पॉवर बँकेचं पण सांगून टाकतो. वर 10,000 एमएएच लिहिलेलं म्हणून मी पाच हजार एमएएच बॅटरीच्या फोनला दोनदा पूर्ण चार्ज धरला होता. प्रत्यक्षात आतला सेल 3.7 व्होल्टचा, तो 5 व्होल्टपर्यंत चढवताना बरंच वाया जातं, त्यामुळे सव्वा वेळाच्या आसपास मिळालं. फोन एरोप्लेन मोडवर ठेवला असता तर रेंज शोधण्यात गेली तेवढी बॅटरी तरी वाचली असती.

येताना गाडी बायकोने चालवली. पट्टीचा चष्मा नाकावर तिरका बसत होता आणि लेक दर पाच मिनिटांनी वळून बघून हसत होती.

आता बॅग कपाटावर नाही, दारामागच्या हुकाला आहे. एक घडीची मॅट बाहेरून बांधली, छोटं प्लास्टिकचं खोरं, पट्टीची आणखी दोन रिळं, सेल टॉर्चच्या बाहेर वेगळ्या पिशवीत, आणि कॅलेंडरवर दर सहा महिन्यांनी खूण, त्या दिवशी लेकीचे कपडे अंगाला लावून बघायचे आणि जुनं चॉकलेट खाऊन नवीन भरायचं (खूण यायच्या आधीच एक संपलंय, चौकशी चालू आहे). वरच्या खणात माझा जुना चष्मा कडक डबीत ठेवलाय. नंबर जरा कमी आहे त्याचा, पण रस्ता दिसतो, घालून बघितलाय.