एका ओळीचं पान

‘आन्ना कारेनिना’च्या मराठी अनुवादाचा पहिला खंड त्या शनिवारी छपाईला जायचा होता. थेट रशियनवरून केलेला अनुवाद. बाईंची सात वर्षं त्यात गेली होती. मी संपादक. सकाळी दहाला शेवटचं प्रूफ टेबलावर आलं, तोवर छापखान्यातून दोन फोन येऊन गेले होते.

सुरुवातीची पानं उलटताना अर्पणपत्रिकेवर हात थांबला. ‘कै. आईस’ आणि त्याखाली दोन बोटं जागा सोडून, तिरप्या अक्षरांत: ‘सूड माझ्याकडे, फेड मी करीन.’

माझ्या अंगावर काटा आला. टॉलस्टॉयनं ही ओळ कादंबरीच्या दारात ठेवली आहे. आमच्याही मांडणीत तिला स्वतंत्र पान होतं. डीटीपी करणाऱ्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, सहाशे बेचाळीस पानं होत होती. एकदम छापायचा सोळा पानांचा एक फर्मा, चाळीस फर्म्यांची सहाशे चाळीस. एका ओळीसाठी एक पान आणि त्याची पाठ कोरी, म्हणून मागे घेतली.” त्याचं गणित चोख होतं. पण वाक्य कुठल्या पानावर उभं आहे, त्यावर ते कोणाच्या तोंडचं ते ठरतं. आईच्या नावाखाली ते बाईंच्या तोंडी गेलं होतं. आईचा सूड घेऊ पाहणारी लेक!

शेजारी समासात काकांची पेन्सिल होती. काका आमचे मुद्रितशोधक, खिळे जुळवण्याच्या काळापासून या धंद्यात. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कोण म्हणतंय? नाव राहिलं.’ मला शंका रास्त वाटली. मी लाल शाईनं भर घातली: ‘बायबल, रोमकरांस पत्र, १२:१९’. मग पानाचा घोटाळा कळवायला बाईंना फोन लावला आणि जाता जाता हेही सांगितलं.

“ते नाव काढ,” बाई म्हणाल्या. “टॉलस्टॉयनं दिलंय का? मग आपण कोण देणार? आणि ‘माझ्याकडे’ कुठून आलं? मी ‘मजकडे’ लिहिलं होतं.”

ते खरं होतं. ‘मज’ कोणाला तरी चूक वाटली आणि कोणी तरी ती सुधारली. मी सुधारली नव्हती, पण तीन वाचनांत मला ती दिसलीही नव्हती.

बाईंनी फोनवरच मूळ ओळ म्हणून दाखवली. रोजच्या रशियनमध्ये ‘मी’ला ‘या’ म्हणतात. टॉलस्टॉयच्या ओळीत आहे ‘आझ’, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या जुन्या स्लाव्ह भाषेतला ‘मी’. १८७०च्या दशकातल्या वाचकाच्या कानाला तो शब्द लागताच समोर देऊळ उभं राहत असणार. आपल्याकडे तो कान अभंगांनी आणि जुन्या मराठी बायबलनं घडवलेला आहे, म्हणून ‘मज’. आणि ‘फेड’? रशियन क्रियापदाचा अर्थ आहे ज्याचं जे देणं आहे ते त्याला परत करणं. त्यात शिक्षाही आली आणि बक्षीसही. मराठीत आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो. ‘बदला’ लिहिलं असतं तर त्यातलं निम्मं हरवलं असतं.

नाव का नको, हे मात्र मला फोन ठेवल्यावर उमगलं. संत पौल रोमच्या ख्रिस्ती मंडळीला सांगतो की तुम्ही स्वतः सूड घेऊ नका, ते काम देवाचं. तोही ही ओळ जुन्या करारातल्या एका ग्रंथातून घेतो, आणि मराठी बायबलमध्ये त्या ग्रंथाचं नाव आहे ‘अनुवाद’. (हे वाचून मला त्या दिवशीसुद्धा आनंद झाला.) संदर्भ छापला की बोलणारा ठरतो आणि वाचक निश्चिंत मनानं पान उलटतो. छापला नाही, तर ‘मज म्हणजे कोण’ हा प्रश्न घेऊन तो आठही भाग चालतो.

दुपारी काका आले. मी सांगितलं, नाव द्यायचं नाही असं ठरलंय.

“नका देऊ,” ते म्हणाले. “शंका आपली रीत म्हणून काढली. मला तर वाटलं होतं, आन्नाच म्हणतेय.”

मी त्यांना बायबल समजावून सांगायला तोंड उघडणार, तोवर त्यांनी दुसऱ्या खंडाच्या प्रुफांचा गठ्ठा ओढला आणि सातव्या भागाचा शेवट काढून माझ्यासमोर ठेवला. रेल्वेखाली जाण्याआधी आन्नाच्या मनात येतं: मी त्याला, व्रोन्स्कीला, शिक्षा करीन आणि सगळ्यांतून, माझ्यातूनही सुटेन.

मी ते पान चार वेळा तपासलं होतं. विरामचिन्हं तपासली होती.

कादंबरीत प्रियकर व्रोन्स्कीसाठी नवरा सोडलेल्या आन्नाचा थिएटरात शेजारच्या बॉक्समधली बाई अपमान करते. बेट्सीसारख्या उच्चभ्रू बायका, ज्यांची स्वतःची प्रकरणं राजरोस चालू असतात, त्या तिला टाळतात. जे काम माणसाचं नाही असं ती ओळ सांगते, ते सगळं पीटर्सबर्ग हातात घेतं, आणि शेवटी आन्नाही घेते. १८७७ मध्येच दोस्तोयेव्हस्कीनं या कादंबरीवर लिहिताना म्हटलं होतं की माणसाचा न्यायनिवाडा करणं माणसाच्या अधिकारातलं नाही. पुढे म्हातारपणी खुद्द टॉलस्टॉयचं स्पष्टीकरण जावयामार्फत बाहेर आलं: वाईटाची कडू फळं माणसांकडून येत नाहीत, देवाकडून येतात, आणि तेच आन्नानं भोगलं. मला लेखकाच्या या खुलाशापेक्षा काकांची शंका कादंबरीच्या जास्त जवळची वाटते.

तिथून मला राहवेना. मी पहिलं प्रकरण काढलं. सुखी कुटुंबांच्या त्या सुप्रसिद्ध वाक्यानंतर अब्लोन्स्कींच्या घरातला गोंधळ सुरू होतो. ‘दोम’ म्हणजे घर. हा शब्द आणि त्याची रूपं तिथे सहा वाक्यांत आठदा येतात, हे कादंबरीकार नाबोकोवनं मोजून दाखवलेलं आहे. बाईंनी ते इमानानं मराठीत आणलं होतं: घरात, घरची माणसं, मुलं घरभर सैरावैरा. आणि मी, द्विरुक्ती टाळायची म्हणून, दोन वर्षांपूर्वी तिथे ‘बिऱ्हाड’, ‘कुटुंब’, ‘वास्तू’ पेरले होते. बाईंनी हट्ट केला नव्हता, आणि ते मी संमती म्हणून धरलं होतं. ज्या कादंबरीत एकामागून एक घर मोडतं आणि एक उभं राहतं, तिच्या उंबऱ्यावर ‘घर, घर’ अशी थाप पडत होती, ती मी पुसली होती. त्या दुपारी आठही जागी घर परत आणलं. दोन ओळी पुढे सरकल्या, एक परिच्छेद लटकला, मुलानं न कुरकुरता सावरला.

टॉलस्टॉयनं १८७६ मध्ये आपल्या समीक्षक मित्राला, स्त्राखोवला, लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की कादंबरीत काय सांगायचं होतं ते शब्दांत सांगायचं तर तीच कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागेल. अर्थ असतो तो विचारांच्या एकमेकांत गुंफलेल्या कड्यांमध्ये. हे पत्र बाईंच्या प्रस्तावनेत आहे. मी त्याचंही संपादन केलं होतं.

या कादंबरीला संपादकाचा हात नडल्याचं हे पहिलं उदाहरण नव्हे. ‘रुस्की वेस्तनिक’ या मासिकात ती १८७५पासून क्रमशः येत होती. आठव्या भागातले तुर्कांविरुद्ध लढायला सर्बियात निघालेल्या स्वयंसेवकांविषयीचे विचार संपादक काटकोव्हला पटले नाहीत. त्यानं तो छापला नाही, नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी संपलीच अशी टीप दिली, आणि टॉलस्टॉयनं तो भाग १८७७ मध्ये वेगळा काढला. ती टीप मान्य केली, तर सुरुवातीची ओळ आन्नाच्या शिक्षेची पाटी होऊन बसते. आठव्या भागात कादंबरीतला दुसरा नायक लेविन जगत राहतो, शंका घेत राहतो, आणि ओळ उघडी राहते.

फर्म्याचा प्रश्न उरला होता. खंडाच्या शेवटी आमच्या इतर पुस्तकांची दोन पानी यादी होती. मी मालकांच्या खोलीत गेले, प्रूफ समोर ठेवलं आणि यादी काढायची परवानगी मागितली. त्यांनी ओळ वाचली, थोडा वेळ पान हातात धरलं आणि मान हलवली. ओळ उजव्या पानावर एकटी बसली, ‘मज’सकट, खाली नाव न देता.

संध्याकाळी बाईंना पुन्हा फोन केला. काकांचं म्हणणं सांगितलं, आणि मनात दिवसभर घोळत होतं तेही: दुसऱ्या खंडात आन्नाच्या तोंडी ‘शिक्षा’ऐवजी ‘फेड’ घालू या का? ओळीशी कडी जुळेल.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. बहुधा त्या मूळ पान काढत होत्या.

“तिथे त्यानं दुसराच शब्द वापरलाय गं,” बाई म्हणाल्या. “तिला शिक्षाच म्हणू दे. फेड तिच्या हातात नाही.”

मी पेन्सिलची खूण खोडली आणि गठ्ठा बांधला.